आधी अश्लेषाचं पान

छत्रपती संभाजीनगर
१८ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप अनसूयाताई,

केशवचा नमस्कार. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. वैजापुरात पाऊस बरा आहे ना? दाजींचा गुडघा काय म्हणतोय? इकडं आम्ही सगळे ठीक.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या. हेमानं मुखवटे काढून पुसून ठेवलेत, साड्यांवरून आम्हा नवराबायकोचं रीतसर भांडणही झालं. तू आदल्या दिवशीच ये. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सोडून मी बाकी सगळं लिहितोय हे तुझ्या लक्षात आलंच असेल. अश्लेषाला विचारूनच लिहितोय.

महाशिवरात्रीला वेरूळच्या रांगेत ती चक्कर येऊन पडली, तेव्हा आम्ही तुला ऊन लागलं म्हणून कळवलं. ऊन नव्हतं ते. पोरगी कित्येक महिने जवळजवळ जेवतच नव्हती. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि मधल्या दिवशी ‘आज पोट जड आहे’. आपल्या घरात उपवास करणाऱ्याला कोण विचारतं? गेल्या महालक्ष्म्यांना नैवेद्य होईपर्यंत तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही. ‘माझी भाची माझ्याहून कडक,’ असं तू आल्यागेल्याला सांगत होतीस आणि मी छाती फुगवून उभा होतो. ताई, ते व्रत नव्हतं, आजार होता. डॉक्टर म्हणाले, हिला खाण्याची भीती बसली आहे. नुसता हट्ट असता तर हेमानं तो कधीच मोडून काढला असता.

आता ठरल्या वेळी आम्ही तिच्यासोबत जेवायला बसतो. ताटाबद्दल, अंगाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, आग्रह तर नाहीच. मग बोलायचं काय? मी तुझे किस्से काढले.

परवा पोळीचा तुकडा हातात धरून ती नुसती बसली होती. डोळ्यांना धार. “बाबा, आज नाय जमणार मला,” म्हणाली. मी आपला सांगत राहिलो, तुला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या जीपमध्ये तू वासरू कसं कोंडलंस ते.

“आत्यानं खरंच कोंडलं व्हय?” म्हणत ती हसली, डोळे मिटले आणि तो तुकडा तोंडात घातला. चावला. गिळला. मग दुसरा मोडला.

मी थक्क होऊन बघत राहिलो. माझा घास हातातच. आपण जन्मभर न खाण्याला मोठं मानत आलो, पण एक घास गिळायला एवढं धैर्य लागतं हे मला ठाऊकच नव्हतं. ती हे रोज करते, दर जेवणाला करते आणि वर पुस्तकं उचलून कॉलेजला जाते. माझ्या पोटची पोर आहे, पण तिच्याकडं बघून माझे हात जोडले जातात. आणि हसू नकोस, हे खरं आहे.

आता मागणं. तिला दर दोन-तीन तासांनी खावंच लागतं. म्हणजे यंदा नैवेद्याआधी, सकाळीच, तिचं पान मांडायचं. ती म्हणते, “आत्याला काय वाटंल? मी आपली खोलीत बसून खाते.” खोलीत नेलेलं ताट दार लावल्यावर कुठं जातं, ते आम्ही पुष्कळदा बघितलंय. ते आता परत नको. महालक्ष्म्यांसमोर, सगळ्यांच्या देखत, तिनं जेवावं. तू घरात मोठी. तू नुसत्या भुवया वर केल्यास तरी ती उठून खोलीत जाईल.

म्हणून त्या सकाळी तिचं पान तू तुझ्या हातानं वाढ. मी शेजारी बसणारच आहे. तूही बस, स्वतःचं पान घेऊन. तुझा इतक्या वर्षांचा नेम मला माहीत आहे, आणि माहीत असूनच मागतोय. देवींना मी सांगीन, त्या काही परक्या नाहीत.

वासराचा किस्सा तिला तुझ्या तोंडून ऐकायचाय. तो सांगताना तुझ्याही तोंडात घास असू दे.

तुझा धाकटा भाऊ,
यंदा देवीच्या आधी जेवणारा,
केशव