मामंजींची वाचा

३ ऑगस्ट १९९७, रविवार

शिसारी आली या घराची. मामंजींना लकवा होऊन महिना झाला. हातपाय सावरले, वाचाही आली — पण आली ती उर्दू. मराठीचा एक शब्द निघत नाय. सकाळी मला म्हणाले, "बेटी, ज़रा खिड़की खोल दो." मी उघडली. सासूबाईंनी येऊन धाडकन लावली, शेजारी ऐकतील म्हणून. नवरा बोलायला लागला याचा आनंद नाय, गल्ली काय म्हणेल ते आधी.

६ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मी, हे आणि धाकटे बद्रीनाथ भाऊजी. बाईंनी विचारलं, शाळा कुठली? निजामाच्या राज्यातली, म्हणजे उर्दूच. मग बाई म्हणाल्या, घाबरू नका, होतं असं. विलायतेत पुष्कळांना एकच भाषा, म्हणून तिकडच्या पुस्तकांत बोलण्याचे व्यायामही एका भाषेचे. आफ्रिकेत म्हणे काही ठिकाणी बाजारात भाजी विकणारी बाईसुद्धा चार-चार भाषा बोलते. आपलंही तसंच — घरात एक, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी. "जी आधी परत आली तिला धरा. रोज तिच्यात बोलवा, दुसरी मागून येईल. हीच तोडली तर माणूस मुका राहील."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणतात, "दुसरी डॉक्टरीण बघू. ही कुठून आणली?" त्यांना पक्षात वॉर्डप्रमुख व्हायचंय. बापाच्या तोंडून उर्दू ऐकली तर पद हुकेल. बापाची वाचा गेली तरी चालेल! थू.

९ ऑगस्ट

भिंतीवर बाराखडीचा तक्ता लावलाय. भाऊजींची अक्कल. हातात पट्टी घेऊन सहासष्ट वर्षांच्या माणसाला म्हणतात, "म्हणा दादा, क कमळाचा." मामंजी तक्त्याकडं बघत राहिले. डोळ्याला पाणी.

याच माणसाकडं करमाड-पैठणचे लोक निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद वाचून घ्यायला यायचे. गारखेड्यातलं हे घर त्याच्यावर उभं राहिलं. तवा उर्दूचा वास कुणाला आला नाय.

१४ ऑगस्ट

मागच्या गल्लीतल्या जैबुन आपांना मीच बोलावलं. शिवणकाम करतात. भाऊजी दुपारी दुकानात असतात, तेव्हा येतात. माझ्याशी मराठी, आपल्या सुनांशी दखनी, आणि मामंजींसाठी शाळेतली उर्दू आठवून आठवून काढतात. पेपर मोठ्यानं वाचतात, मामंजी उच्चार दुरुस्त करतात. "तुझा सासरा माझ्याहून साफ बोलतो गं," म्हणाल्या. मला निम्मं कळत नाय. पण दोघं आज पोट धरून हसले. लई दिसांनी हसू ऐकलं या घरात.

३१ ऑगस्ट

यांना सांगितलं, आपांमुळं मामंजी सुधारतायत. तर म्हणतात, "बद्रीला कळू देऊ नको." बस, एवढंच. पेपर वर धरला तोंडावर. अशा माणसाशी संसार करते मी.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. भाऊजींच्या पक्षाची माणसं शाल-नारळ घेऊन त्या काळचं माणूस म्हणून मामंजींचा सत्कार करायला आली. भाऊजींनी सकाळीच दटावलं होतं, "दादा, नुसती मान हलवायची." शाल खांद्यावर पडली आणि मामंजींनी हात जोडले — "आप सब का तह-ए-दिल से शुक्रिया."

एकजण म्हणाला, "काका अजून रझाकारीतच का?" आणि भाऊजी हसले. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांच्या भ्यानं शाळा सोडून रानात दिवस काढलेला हा माणूस, आणि त्याचा पोरगा त्याच्यावर हसतो. हेही हसले.

त्यात आपा दारात. रोजची वेळ त्यांची, त्यांना काय माहीत. भाऊजी सगळ्यांदेखत ओरडले, "म्हाताऱ्याला तुम्हीच बिघडवलं. पुन्हा पाय ठेवायचा नाय इथं." आपा माझ्याकडं बघत उभ्या होत्या. मी पाहुण्यांचा चहा गाळत होते. गाळत राहिले.

१८ सप्टेंबर

मामंजी दिवसभर बोलले नाहीत.

२४ सप्टेंबर

उर्दूसुद्धा नाय आता. खिडकी हवी तर बोट दाखवतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेच झालं. आणि सासूबाई देवापुढं साखर ठेवतात — "गेली एकदाची बला." नवरा मुका झाला त्याची साखर! मला दिली तर मी मोरीत टाकली.

जितीजागती वाचा गिळली यांनी. या लोकांच्या पंगतीला बसून जेवण उतरत नाय घशाखाली. काय करू, भाकरी मलाच थापायच्या असतात.

५ ऑक्टोबर

सगळे लग्नाला गेले. घरात मामंजी आणि मी. ताट ठेवलं तर त्यांनी बाजूला सारलं.

"आधी जैबुनकडं जा. माफी मागून ये."

मराठीत. साफ.

"मामंजी, कधीपासून येतंय?"

"लई दिस झाले. ती येत व्हती तवापासून."

"मग बोलत का नाय? त्यांच्याशी नसंल बोलायचं, पण माझ्याशी तरी —"

"तिला दारातून हाकलली," मामंजी म्हणाले, "तवा तू तरी कुठं बोललीस?"