गिळू तर द्या!

रविवार, १० फेब्रुवारी २००२

लागला! अखेर माझ्या गळाला शिंगाळा लागला.

सासरे मला खडकवासल्याला नेतात आणि दर वेळी तेच ऐकवतात, "अहो जावईबापू, त्याला गिळू तर द्या!" शिंगाळा गळाची जिवंत मासोळी आधी नुसती तोंडात धरून पळतो, गिळतो नंतर. मी मात्र दोरी हलली की हिसका मारायचो. हाती यायची चावलेली मासोळी.

आज दोरी ताणली आणि नेमका ऑफिसचा मोबाइल वाजला. साहेब. रविवारी! एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोन. "येस सर, उद्या सकाळी देतो सर." तोवर दोरी सरसर पाण्यात चाललेली. फोन खिशात कोंबला आणि हिसका मारला. काय जोर होता त्याला!

सासरे बघतच राहिले. म्हणाले, "आज थांबलात. शिकलात म्हणायचं."

खरं सांगावं का त्यांना? छे, कशाला!

उद्या साहेबांसाठी डब्यात तळलेली तुकडी नेतो. कशाबद्दल, असं विचारतीलच. म्हणेन, सर, आधी गिळा तर!