नळीत गोळी ठेवावी का

४ मार्च, मंगळवार

शेल्बीला पिस्तूल हवंय. भांडी विसळता विसळता म्हणाली, माझ्याकडे न बघता. "बाबा, मला एक लागेल." — एवढंच.

अर्ध्या काउंटीला मी पिस्तूल बाळगायला शिकवलं, आणि ही पोरगी लहानपणी डब्यावर नेम धरायला सुद्धा यायची नाही. आता तीच मागते आहे. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

तिचा नवरा कोल्टन परत आलाय गावात. नाताळात त्याने तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून ती आणि तिची दोन वर्षांची मेबल माझ्याकडे आहेत. त्याने जवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा कागद आहे. कागदच तो!

६ मार्च, गुरुवार

हॉलिसच्या बंदुकांच्या दुकानात गेलो दोघं. हल्लीच्या पिस्तुलांना गोळी अडवणारा खटका बाहेरून नसतोच — चाप दाबला की सुटली. शेल्बी म्हणाली, "खटका असलेलंच दे." हॉलिसने भुवया उंचावल्या, पण दिलं.

घरी आल्यावर दुसरा बॉम्ब. "मेबल घरात आहे तोवर नळीत गोळी नाही. मॅगझिन गोळ्यांनी भरलेलं राहू दे, पण नळी रिकामी." म्हणजे वेळ आली की आधी एका हाताने पिस्तूल धरायचं, दुसऱ्याने वरची स्लाइड मागे ओढायची, मग गोळी नळीत जाणार. इस्रायलचे लोक असंच बाळगतात म्हणे. त्यांचं ते जाणोत. मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो — रिकाम्या नळीचं पिस्तूल म्हणजे महागडा हातोडा. लोक हसतात. तीही लहानपणी मागच्या बाकावर बसून ऐकायची.

"बाबा, तुझा हातोडा मला माहितीये," ती म्हणाली. "तिचे हात माहितीयेत का तुला? सगळ्या पर्सा उघडते ती."



८ मार्च, शनिवार

मागच्या अंगणात सराव केला, गोळ्यांशिवाय. मोडलेल्या मनगटाने स्लाइड ओढताना तिचा चेहरा पांढरा पडतो. तरी ओढते. माझ्यावर गेलीय — हट्टी.

दोन्ही हात मोकळे असले तर जमतं. पण मेबल धावत आली, हात वर करून उभी राहिली, हिने तिला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "आता?"

युक्त्या आहेत. स्लाइड पट्ट्याला अडकवून एका हाताने ढकलता येते. वर्गात दाखवतो मी, टाळ्या पडतात. मेबलला आत झोपवून कुत्र्याच्या खाद्याचं पोतं शेल्बीच्या कडेवर दिलं. पहिल्या खेपेला पोतं घसरलं. दुसऱ्या खेपेला नळी सरळ पोत्याकडे वळली. पोतं म्हणजे मेबल होती ना! शेल्बी पायरीवर बसून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मी पिस्तूल पुसत उभा राहिलो. दुसरं काही येतं कुठे मला?

१० मार्च, सोमवार

हॉलिसकडे कॉफीला गेलो. नेहमीची टाळकी होती. कुणी दाढ नवी बसवली तरी तिथे पिस्तुलाशिवाय दुसरा विषय निघत नाही. खटका हवा की नको, झालं सुरू! "घाबरल्यावर अंगठ्याला काय आठवतंय डोंबल!" "अरे, खटका नसता तर माझ्या मेव्हण्याने स्वतःची मांडी फोडली असती." "तुझा मेव्हणा चमच्यानेसुद्धा मांडी फोडेल."

मग हॉलिस म्हणाला, "वेंडेल, पोरगी कशी बाळगते?" सांगितलं. खटका लावलेलं, नळी रिकामी. सगळे खिदळले. "आणि महागडा हातोडा कोण म्हणायचं रे?" मला राग आला. तिची बाजू घेऊन भांडलो — घरात लहान मूल, मनगट अधू, सगळं सगळं समजावून सांगितलं. शेवटी गप्प बसले. बरं वाटलं.

१३ मार्च, गुरुवार

शेल्बीच्या फोनवर निरोप आला, अनोळखी नंबरवरून.

"मेबलला खाली ठेवायला वेळ मिळेल ना?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. "कुणाला सांगितलंस, बाबा?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सोमवारी हॉलिसकडे कोल्टनचं कुणी नव्हतं. असायची गरजच काय? आमच्या गावात हीच बातमी असते — कोण काय बाळगतो, कुठे, कसं. कोल्टनलाही मीच शिकवलंय, लग्नाआधी. रिकामी नळी म्हणजे समोरच्याला किती सवड, हे त्याला माझ्याइतकंच कळतं.

शेरीफच्या माणसाने निरोप वाचला. "यात धमकी कुठाय, वेंडेल?" खरंच, नव्हती.

१४ मार्च, शुक्रवार

म्हटलं, आता भर नळीत गोळी. खटका लावून ठेव. अंगठ्याने खाली केला की झालं, एका हाताचं काम.

तिने माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली आणून टेबलावर ठेवली. लहान मुलांना उघडता येत नाही असं झाकण असतं ना? मेबलने सकाळी उघडलं होतं. गोळ्या ओळीत मांडल्या होत्या, गाडीसारख्या. खाल्ली एकही नव्हती, देवाची कृपा.

इकडे आड, तिकडे विहीर. आणि विहीर खणणारा मीच.

१६ मार्च, रविवार

चर्च सुटलं. रस्त्यापलीकडे कोल्टन, ट्रकच्या खिडकीत कोपर टाकून. कागदात लिहिलंय तेवढं अंतर राखून! माझ्याकडे बघून टोपीला हात लावला. "मॉर्निंग, सर." वर्गात म्हणायचा तसंच.

शेल्बीच्या कडेवर मेबल. माझ्या कमरेला भरलेलं पिस्तूल, नळीत गोळी, सगळं माझ्या नियमाप्रमाणे. काय करणार होतो मी? माणूस कॉफी पीत होता. मीही म्हणालो, "मॉर्निंग." तोंडातून गेलंच. शेल्बीने ऐकलं.

१७ मार्च

काही घडलं नाही. दिवसभर त्याचीच वाट बघितली.

१८ मार्च, मंगळवार

जेवताना शेल्बी म्हणाली, "तू शिकवलेल्यांपैकी पिस्तुलामुळे कुणी वाचलं का रे, बाबा? नाव सांग एखादं."

आठवत बसलो. बीन्स गार झाल्या. कुणाकडे कुठलं पिस्तूल आहे ते सगळं आठवलं. नाव एकही नाही. तिने माझं ताट उचललं, डोक्यावरून हात फिरवला. मी बाप, आणि माझ्या डोक्यावरून ती हात फिरवते!

२१ मार्च, शुक्रवार

कोल्टन दारात येऊन गेला. टोपी हातात. "कुठंय ती, सर?"

माहीत नाही म्हणालो. बराच वेळ माझ्या डोळ्यांत बघत राहिला आणि मग त्याला पटलं. मला खोटं बोलता येत नाही हे गावाला ठाऊक आहे. परवा सकाळी उठलो तर दोघींची खोली रिकामी होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिस्तूल होतं. कुठे गेली ते तिने मलाही सांगितलेलं नाही.