बोरदऱ्याला फाटा

२७ फेब्रुवारी १९७२, रविवार

एस.टी. येणार! आमच्या बोरदऱ्यात एस.टी. येणार!

हे दुपारी पाथर्डीच्या बिऱ्हाडातून सायकलवर आले. जेवताना म्हणाले, "मुंबईच्या बैठकीत आमदारांनी नव्या रस्त्याचं ठरवून टाकलं. बोरदऱ्याला फाटा द्यायचा." माझी भाकरी तव्यावरच करपली. मोठा रस्ता शेवगावकडे, आणि त्याचा एक फाटा थेट आमच्या वेशीत! म्हटलं, "अगंबाई! म्हणजे गाडी गावात?" ह्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि आमटीत भाकरी कुस्करत बसले. दमले असतील. निवडणूक तोंडावर, त्यात आमदारांचे चिटणीस. धावपळ काय कमी!

मी तशीच पदर खोचून सरपंचांकडे. गहिनीनाथअण्णांना आधी कळायला नको?

२९ फेब्रुवारी

सगळ्या गावाला मीच सांगत सुटलेय. विहिरीवर राहीबाईला गाठलं. तिची चांगुणा माझ्या सातवीत, वर्गात पहिली. पाथर्डीला आठवीला पाठव म्हणून मी वर्षभर तिच्या मागे आहे. म्हणाली, "गाडी आली तर धाडीन, बाई. पायी कोन धाडतंय पोरीला? न्हाई तर औंदा लगीन लावायचं आन् दसऱ्याला कोयता म्हनून ऊसतोडीला." नवरा-बायको मिळून एक कोयता — माणसं हत्याराच्या नावानं मोजतात मेली!

म्हटलं, "राहीबाई, गाडी आलीच म्हणून समज. आमच्या ह्यांनी सांगितलंय." मग ती हसली. "भाऊ म्हनले म्हंजी झालंच की!"

२ मार्च

चिंचेखालच्या दगडाला अण्णांनी चुना फासला. वर गेरूनं 'बोरदरा फाटा'. अक्षर माझं!

१२ मार्च

आमदार पुन्हा निवडून आले. बोरदऱ्यातलं एक मत इकडचं तिकडं झालं नाही म्हणतात. माझ्या वेणीतला गुलाल अजून निघत नाहीये.

२२ मार्च

सातवीला वाक्प्रचार घेतले. फळ्यावर लिहिलं — फाटा देणे : वगळणे, टाळणे. "वाक्यात उपयोग करा." चांगुणा उठली. शुद्ध बोलायचं म्हणून सावकाश म्हणाली, "आमदारांनी बोरदऱ्याला फाटा दिला."

पोरं हसली. तीही हसली. मग एकदम थांबली. "बाई, मंग... आपली गाडी?"

"बस खाली!" मी ओरडलेच तिच्यावर. बिचारी.

इतकी वर्षं शिकवतेय हा वाक्प्रचार! त्या रविवारी अक्कल काय चरायला गेली होती माझी? पण नाही, असं नसेल. ह्यांना विचारते.

२६ मार्च, रविवार

विचारलं.

"मी खोटं कुठं बोललो? उड्या मारत तू सुटलीस."

"मग मला थांबवलं का नाही?"

"मतदान तोंडावर होतं."

रस्ता आमदारांच्या मेहुण्यांच्या मळ्यावरून जाणार. आधी आखणी आमच्याच गावावरून होती म्हणे! बैठकीत आमदारांनी नकाशावर बोट फिरवलं, इंजिनियरनं मान डोलावली, संपलं. हे शांतपणे सांगत होते. वर म्हणाले, "तुझी पाथर्डीला बदली व्हायचीय. आमदार शब्द टाकणार आहेत. कुणासाठी गप्प बसलो मी?"

माझ्यासाठी! गावाला फसवायला तोंड माझं, दगडावर अक्षर माझं, आणि वर उपकारही माझ्यावरच! आमदारांचं मी धरून चालते, मतं मागणारा माणूस तो. पण ह्यांनी! माझ्या हातची भाकरी खाता खाता!

वाढलं नाही मी. उपाशीच गेले. जाऊ देत.

३० मार्च

खरं काय तेही गावाला मीच सांगितलं. राहीबाईनं विचारलं, "तुमाला ठावं हुतं का, बाई?" नाही म्हटलं. ती "व्हय" म्हणाली आणि घागर उचलून गेली. तिला पटलेलं नाही. कसं पटावं? घरधनी चिटणीस आणि बायकोला माहीत नाही!

तो दगड उपटून टाका म्हणून अण्णांना सांगितलं. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बाई. खरंच तर हाय त्ये."

६ मे

चांगुणा पास. केंद्रात पहिली! पेढा द्यायला गेले तर दारात बघायला आलेले पाहुणे.

३ जून

बदलीचा हुकूम आला — पाथर्डी. चुलीत घालणार होते. हात थांबला. पाथर्डीत आठवी आहे ना!

तशीच राहीबाईकडे गेले. म्हटलं, गाडी नाही आणू शकले, पण पोर माझ्याकडे दे. तिनं बोचक्यासाठी एक धडुतं काढलं. मग चांगुणाला हाक मारून म्हणाली, "लुगडी-बिगडी न्हाई लागायची. परकर बांध."

१२ जून, पाथर्डी

ह्यांनी बिऱ्हाड झाडून ठेवलं होतं, दारात उभे होते. मी टांगा थांबवू दिला नाही. पुढच्या आळीत एक खोली घेतलीय, दोघींना पुरते.

चांगुणा हळूच म्हणाली, "बाई, भाऊंना फाटा दिला?"

म्हटलं, "वाक्य बरोबर आहे."