सोन्या आणि माझा डावा गुडघा

पिंपळवंडी,
मंगळवार

प्रिय टीना,

आमचा शर्यतीचा बैल सोन्या मागच्या आठवड्यात गेला. म्हातारा झाला होता, गोठ्यातच शांतपणे गेला. म्हणून आज लिहितेय.

माझा गुडघा तू मोडला नाहीस.

राज्य फुटबॉल संघाच्या निवडीच्या मॅचआधी तीन दिवस गावची यात्रा होती. शर्यतीच्या घाटात गाडा जुंपताना सोन्या उसळला आणि जू माझ्या गुडघ्यावर आदळलं. मी पट्टी बांधली, वर लांब मोजे चढवले आणि खेळायला उतरले. तुझा बूट तर चेंडूलाच लागला होता. मी नुसती वळले आणि पडले. सगळे म्हणाले, "टीनानं पाडलं." मी गप्प बसले. खरं सांगितलं असतं, तर अण्णांनी सोन्याला विकलं असतं.

माझा खेळ गेला तो गेलाच. पण तूही त्या दिवसापासून पुन्हा खेळायचे बूट घातले नाहीस. वर चार वर्षं दर थंडीत मलाच विचारतेस, "गुडघा दुखतो का गं?"

आज सकाळी अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठाऊक व्हतं मला. सोन्यापायी मी बी गप बसलो." मग आम्ही दोघं लई रडलो, आणि किती दिवसांनी पोटभर जेवलो.

हे पत्र टाकत नाही. कागदावर सांगून सुटणं फार सोपं आहे. उद्या आळेफाट्याला तुमच्या दुकानात मीच येते. हवं तेवढं बोल मला. पिशवीत पाच नंबरचे बूट आहेत.

तुझा पाय वाढला नसेल ना?

तुझी,
हर्षाली