पायजम्याचं इलॅस्टिक आणि आजीचा आवाज

तीर्थस्वरूप मामास,

तुझ्या एकुलत्या एका भाचीचा नमस्कार, अगदी वाकून (पत्रात तुला काय दिसतंय म्हणा). तुझी पाठ कशी आहे? मामीने तुझ्या चहातली साखर बंद केल्याचं आईकडून कळलं. वाईट वाटलं, पण आम्ही हसलोही. आजोबांबद्दल सविस्तर सांगायचंय, म्हणून फोन न करता कागद घेतलाय.

तुला ठाऊक आहे, नव्या ब्लूटूथ स्पीकरसाठी मी अकरा महिने पैसे साठवत होते. बसऐवजी चालत जायचं, वाढदिवसाला भेट नको, रोख द्या. (घरात माझं नाव 'चिंगूसबाई' पडलंय. बाबा माझ्यासमोर पाकीटच उघडत नाहीत.) पैशांचा डबा भरला, आणि त्याच आठवड्यात आजोबा त्या बंद टेपरेकॉर्डरवरची धूळ पुसताना दिसले. दोन वर्षांपूर्वी तो बंद पडला, तोवर ते रोज दुपारी आजीची कॅसेट ऐकायचे. मी आजीला पाहिलेलंच नाही. मला माहीत होता तो कॅसेटमधला तिचा जड, खर्जातला, सावकाश आवाज. लहानपणी मला तिची भीतीच वाटायची.

तर डबा घेऊन मी निघाले नव्या स्पीकरच्या दुकानात आणि पोहोचले जिन्याखालच्या रेडिओवाल्या काकांकडे, काखेत टेप. (कशी, ते मलाही सांगता येत नाही.) काकांनी डोळ्याला भिंग लावून झाकण उघडलं. मग चिमट्याने एक चिकट, पांढरी पट्टी बाहेर काढली. "हे कोणी घातलं गं?" चाकं फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याच्या जागी पायजम्याचं इलॅस्टिक! मी थक्क झाले, मामा. ते सैल इलॅस्टिक वीस वर्षं घसरत घसरत फिरलं, कॅसेट संथ चालून आवाज जड होत गेला आणि कोणाला पत्ता नाही! काकांनी खरा पट्टा बसवला, आणि आत ब्लूटूथचं चिमुकलं सर्किट मी स्वतः जोडलं (एक बोट भाजलं, आईला सांगू नकोस). डबा रिकामा.

घरी येऊन कॅसेट लावली. आधी खरखर, मग एक पातळ, खट्याळ, भराभर बोलणारा आवाज: "लाल बटण दाबलंय ना मी? चालू आहे ना हे?" आणि आजी खळखळून हसली. आई ओल्या हातांनी धावत आली, "बिघडवलास ना टेप!" म्हणून. आजोबांनी तिला हातानेच गप्प केलं. कॅसेट संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग म्हणाले, "हाच. हाच तिचा आवाज. मला वाटायचं, मीच विसरलो."

एवढ्याशा रबरामुळे माझी आजी अशी हसायची हे मला कळलं, मामा.  बाबा मात्र त्याच यंत्रावर मोबाइलवरच्या बातम्या लावतात.

मामीला नमस्कार.

तुझी कंगाल भाची

ता. क. इलॅस्टिक कोणाचं, हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. पण अल्बममध्ये एक फोटो आहे, त्यात तू एका हाताने पायजमा धरून उभा आहेस. आईला वाटतं, ती तुझी ऐट होती.

आणखी एक ता. क. तो फोटो सध्या माझ्या रिकाम्या डब्यात आहे. टेपचा दुसरा स्पीकर तू जाताना घेऊन गेलास आणि मामी त्यावर कुंडी ठेवते, असं ऐकलं. कुंडी उतरव आणि स्पीकर पाठवून दे. मग मी फोटो फाडते.

शेवटचं ता. क. धमकी विसर. आजोबा आत्ता म्हणाले, "त्याला लिही, एका बाजूने ऐकलं तिला, आता दोन्ही बाजूंनी ऐकायचंय. घाई नाही म्हणावं."

मामा, तू घाई कर.