शामराव आणि पार्टी

सेक्टर २, भिलाई
१८ ऑक्टोबर १९६४

प्रिय रुक्मास,

सप्रेम जय भीम.

हे पत्र तुला आणि तुझ्या शेजारी उभी राहून झील धरणाऱ्या मैनाबाईला, दोघींना मिळून लिहिते आहे. तिला वाचता येत नाही, तू वाचून दाखव. तुम्हा दोघींचा आवाज या वर्षी नागपूरपासून रायपूरपर्यंत वाजतो आहे आणि तुमचं नाव कुठंच नाही. तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावर ‘शामराव आणि पार्टी’ एवढंच छापलं आहे. पार्टी म्हणजे तुम्ही दोघी, एक ढोलकीवाला आणि एक क्लॅरिनेटवाला. लग्नपत्रिकेत खाली ‘आणि समस्त परिवार’ लिहितात, तशी तुमची गत आहे.

इकडे सर्व ठीक. देवीदासांची रोलिंग मिलमध्ये या आठवड्यात रात्रपाळी आहे. दिवसा ते झोपतात आणि घरात कुजबुजत बोलावं लागतं. मला त्याचा किती त्रास होतो हे तुला सांगायला नको. क्वार्टरमागे वांगी लावली आहेत. बाई माझ्याकडेच असते. थोरली बहीण असून धाकटीच्या घरी राहते याचा तिला अजून संकोच वाटतो. ‘भागीरथा बहिणीच्या घरची भाकर खाते, असं लोक म्हनतीन,’ म्हणते, आणि माझ्या आधी उठून सगळं अंगण झाडून टाकते. गुडघा दुखतो तिचा. बाकी बरी आहे.

तू मागच्या पत्रात विचारलंस, यंदा भिलाईत लोक कोणत्या तबकड्या जास्त ऐकतात. प्रश्न तुझा नाही, हे मला कळतं. तबकड्यांच्या खपाशी तुला कधी देणंघेणं नव्हतं. शामरावानं विचारायला लावलं असेल, पुढची तबकडी कशी काढायची ते ठरवायला. तरी उत्तर देते, कारण चौकशी मी पुरती केली आहे.

आमच्या शेजारचे बंगाली फोरमन रविवारी सकाळी दार लावून नदीची, होडीची गाणी ऐकतात, आणि मग त्यांची बायको दिवसभर कोणाशी बोलत नाही. पंजाबी ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर सिनेमाच्या तबकड्या. रशियन साहेबांच्या बंगल्यांकडून पुरुषांच्या जाड आवाजातली गाणी येतात, आमच्या लायनीतली पोरं त्यावर कवायत करतात. आणि या सगळ्यांच्या वर, सेक्टर २ च्या लग्नात, सेक्टर ६ च्या बारशात, पॉवर हाउसच्या चहाच्या हॉटेलात वाजते ती एकच तबकडी. तुमची.

पॉवर हाउसला केवलराम लाउडस्पीकर आणि तबकड्यांचा बाजा भाड्यानं देतो. त्याला विचारलं तर म्हणाला, “बाई, तेच रिकार्ड. दुसरं लावलं का लोक मांडवातून वरडते. दोन घासून सफेद झाले, हे तिसरं आनलं. माह्या तं सपन्यातही तेच वाजून राहिलं.” मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं विचारलं, “कावून? तुमाले नाही आवडत?”

मी म्हटलं, “चाल चांगली आहे. पळवली आहे जरा.”

“पळवली म्हनून तं चालते,” तो म्हणाला.

खरं आहे त्याचं.

*नाच माहे सगुने, नाच गं मेळ्यात,*
*झुमका तुहा डुले भिलाईच्या खेळात.*

रस्त्यावरची पोरं म्हणतात, भाजीवाली म्हणते. परवा देवीदास दाढी करता करता गुणगुणले आणि आरशात मला पाहून थांबले.

वैशाखात आमच्या लायनीतल्या कृष्णरावांच्या मुलीची हळद होती. बाई आणि मी मांडवामागे पुऱ्या लाटत होतो. केवलरामानं तबकडी लावली तशा पोरी फेर धरून नाचायला लागल्या. दोघीतिघी बाईच्या अंगावर येऊन पडल्या.

“मावशी, चाल ना वं. एक फेर तरी धर.”

“माहा गुडघा दुखते वं पोरी.”

“गुडघ्याले कोन नाचवते, कंबर नाचव.”

सगळ्या हसल्या. बाईही हसली. तेवढ्यात कृष्णरावांची सून म्हणाली, “मावशी तं भिलाई बांधाले होती म्हनते. तिले तं हे गानं येतच असन. म्हन ना वं मावशी.”

“नाही वं माय,” बाई म्हणाली. “मले नाही येत.”

लाटून झालेली पुरी तिनं पुन्हा गोळा केली आणि पुन्हा लाटायला घेतली.

रुक्मा, मी हजार माणसांपुढे उभी राहून बोलते. मंत्र्यासमोर बोलले आहे, ठेकेदारांसमोर बोलले आहे, माईक बंद केला तर माईकशिवाय बोलले आहे. त्या मांडवामागे माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. तेव्हाच मनात धरलं की याचं काहीतरी करायचं.

भादव्यात शामराव इकडे येऊन गेला. तुला त्यानं सांगितलं नसेल. दिवाळीनंतरच्या रविवारी सेक्टर ६ च्या मैदानावर मराठी लोकांचा जलसा आहे, त्याची बोलणी करायला आला होता. पॉवर हाउसच्या हॉटेलात मी त्याला गाठलं. अंगात रेशमी सदरा, बोटात अंगठी. मला बघून उठून उभा राहिला.

“या कमलाबाई. तुमी तं लय मोठ्या भाषनवाल्या झाल्या म्हनते.”

“गाणं कोणाचं आहे, शामराव?”

“लोकायचं. गानं का कोनाच्या बापाचं असते?”

“बापाचं नाही, मायचं आहे. ती माझ्या घरी बसली आहे. चला, तिलाच विचारू.”

त्यानं चहा बशीत ओतला आणि निवांत फुंकर घातली. “हे पाहा, तिनं चार बायांत म्हटलं, मी दुनियेले ऐकवलं. उपकार माना. आन रडकं गानं कोन इकत घेते? मी त्याले हसाले शिकवलं.” मग माझा चेहरा पाहून आवाज खाली आणून म्हणाला, “नाराज नका होऊ. पुढच्या रिकार्डावर तिचंही नाव टाकू. काय नाव म्हनलं तिचं?”

नाव त्याला आठवत नव्हतं, रुक्मा. दोन उन्हाळे तो मुकादम म्हणून रोज सकाळी हजेरीला ते नाव पुकारत होता. “भागीरथा,” म्हणायचा आणि बाई “हाव जी” म्हणायची. मी त्याला नाव सांगितलं नाही. उठून आले.

आता तुझ्यामाझ्यात जे सहा वर्षांत एकदाही बोललं गेलं नाही, ते लिहिते. आतापर्यंत इकडच्यातिकडच्या गोष्टी लिहिल्या, त्या याच्यापासून लांब राहण्यासाठी.

भट्टीच्या पायाचं काँक्रीट चाललं होतं आणि आपण चौघी घमेली पुढं देणाऱ्या बायांच्या रांगेत होतो. ओतणी सुरू झाली की बायांची साखळी तोडायची नाही, नाहीतर मधे जोड पडतो आणि पाया कच्चा राहतो, हा मुकादमाचा कायदा. लेकरं लांब, पत्र्याच्या शेडमागे. बाईची सगुणा झोळीत राहत नव्हती म्हणून एका फुटक्या घमेल्यात लुगड्याचा तुकडा अंथरून बाई तिला तिथं निजवायची. लेकरू रडलं तर जायची सोय नव्हती. म्हणून बाई जागेवरूनच गायची.

*नीज माहे सगुने, नीज घमेल्यात,*
*माय तुही आली लोखंडाच्या मेळ्यात.*

ओळीच्या शेवटी घमेल्याचं वजन डोक्यावर यायचं आणि तिचा श्वास तुटायचा. तिथं मी उचलायची, मग तू, मग मैनाबाई, अशी ती ओळ बायाबायांतून शेडपर्यंत पोचायची. घमेली एकीकडे जात आणि गाणं उलट दिशेला. सगुणा ऐकायची आणि निजायची. आपण झील धरायला शिकलो ते अशा रीतीनं, एका लेकराला झोप लागावी म्हणून.

त्या दिवशी लू होती. सगुणा सकाळपासून रडत होती. बाई म्हणाली, “मुकादम, लेकराले पानी पाजून येऊ द्या.” शामराव म्हणाला, “ओतनी झाली का जा.” तिनं पुन्हा विचारलं तर हसून म्हणाला, “गा ना मंग. तुही लेक तं गान्यानंच निजते.”

ती गायली. आपण ओळ पुढं नेली. थोड्या वेळानं रडणं थांबलं. तू माझ्याकडे बघून हसलीस, बाईही हसली. लेकरू निजलं असं समजून आपण सगळ्यांनी आवाज बारीक केला, आणि ओतणी संपेपर्यंत बारीक आवाजात गात राहिलो, तिची झोप मोडू नये म्हणून.

बाई शेडमागे गेली तेव्हा सगुणाचं अंग पत्र्यासारखं तापलेलं होतं. जीव केव्हाच गेला होता.

त्यानंतर बाईनं ते गाणं म्हटलेलं मी ऐकलं नाही. ज्यानं तिला पाणी पाजायला जाऊ दिलं नाही, तोच आज त्या लेकराचं नाव घेऊन मांडवामांडवात लोकांना नाचवतो आहे. ‘नीज’ काढून ‘नाच’ घातलं त्यानं. सगुणाचं नाव मात्र तसंच ठेवलं, कारण ते तालात बसतं.

तू म्हणशील, कमला, तू तर धम्माच्या सभेत वैर सोडायला सांगतेस. सांगते, आणि पुढेही सांगेन. मी पुष्कळ वाचलं आहे. न्याय आणि सूड यांतला फरक मला तासभर उभं राहून समजावता येतो. पण न्याय मागायला जाऊ कोणाकडे? पाया पक्का झाला, त्यात जोड पडला नाही, त्यावर भट्टी उभी आहे आणि तिच्या लोखंडाचा साऱ्या देशाला अभिमान आहे, मलासुद्धा आहे. कोर्टात गाणं कशावर ठेवून दाखवू? न्याय मिळण्याजोगा नाही हे समजून घेऊनच मी सूड मागते आहे, आणि त्याला दुसरं गोड नाव देत नाही.

जलशात शामरावाला हार घालून दोन शब्द बोलायचं काम जलसा भरवणाऱ्या मंडळानं मलाच दिलं आहे. आधी वाटलं, तिथंच त्याला उभा सोलावा. मग शांतपणे विचार केला. मी बोलले तर तो हात जोडेल, डोळे पुसेल, बाईला वर बोलावून तिच्या खांद्यावर शाल घालेल, आणि लोक टाळ्या वाजवतील. तबकडी आणखी खपेल. शब्दांचा मार त्याला लागत नाही, त्यावर तर तो पोट भरतो.

मग मी केवलरामाकडे बसून ती तबकडी पुन्हा पुन्हा ऐकली. तिसऱ्या चहाला तो म्हणाला, “आवडाले लागलं वाटते, बाई.” मला हवं होतं ते त्यात सापडलं. शामरावानं चाल पळवली, बोल फिरवले, क्लॅरिनेट घुसवलं, पण श्वास बाईचाच ठेवला. जिथं डोक्यावर घमेलं आलं की तिचा आवाज तुटायचा, तिथंच तो ओळ सोडतो आणि तुम्ही दोघी उचलता. त्याच्या डोक्यावर कधी घमेलं नव्हतं, त्यामुळे तो का थांबतो हे त्याला स्वतःलाही माहीत नाही. ती जागा त्याला भरता येत नाही, ढोलकीलाही येत नाही. तुम्ही उचललं नाही तर ते गाणं तिथंच पडतं.

याची किंमत मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तो तुला पार्टीतून काढील. तुझा माणूस सोडून गेल्यापासून तुझी चूल याच गाण्यांवर पेटते, आणि तू शामरावाच्या पार्टीत गेलीस म्हणून मी तीन वर्षं तुला पत्र टाकलं नाही, हेही मी विसरले नाही. माझ्याकडे एक खोली आहे. महिला मंडळाच्या बालवाडीत जागा निघेल, निघेलच असं वचन देत नाही. मैनाबाईची पोरं लहान आहेत. तिनं त्या दिवशी झील धरली तर मी तिला कधीही बोल लावणार नाही. एकटीच्या आवाजानं ते गाणं उभं राहणार नाही, हे तिलाही कळतं.

बाईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, “जाऊ दे वं कमले.” सहा वर्षं तिनं जाऊ दिलं. त्या रविवारी मी तिला पहिल्या रांगेत बसवणार आहे, आणि एवढी एक गोष्ट तिला न विचारता करणार आहे.

मी हार घालीन. त्याचं कौतुक करीन, इतकं की मैदान त्याच्यासाठी आतुर होईल. पुढचं तुझ्या हातात आहे.

तो पहिली ओळ म्हणेल, सोडेल आणि सवयीनं मागे मान वळवील. तेव्हा गाऊ नकोस. खोकू नकोस, घसा बसल्याचं सोंग करू नकोस, खाली बघू नकोस. त्याच्या डोळ्यांत बघ आणि तोंड मिटून उभी राहा.

सगुणाची मावशी,
कमला